शेरा

नागोराव ढगे. वेधशाळेत निरीक्षक, एकतीस वर्षं.
आडनावावरच नोकरी लागली, असं सांगतात
आणि हसता हसता आभाळ वाचून टाकतात:
तीन अष्टमांश. पाच अष्टमांश. निरभ्र.

मी म्हटलं, मामा, मला ढग नकोत.
विमानामागं उमटते ना, ती रेघ पाहिजे.
किती वाजता उमटली, किती वेळ टिकली,
फिसकटून पसरली की जागच्या जागी विरली.

"म्हणजे धुराची मोजदाद."
धूर नव्हे मामा, बर्फ.
इथं पत्र्याखाली चव्वेचाळीस,
आणि आपल्या टाळूच्या नेमकं वर, अकरा किलोमीटरवर,
तोच आकडा,
फक्त आकड्याआधी एक आडवी रेघ.
त्यांनी टोपी काढली, वर पाहिलं, परत घातली.
"परभणीवर बर्फ," म्हणाले. "आन् आपल्याला पत्ताच नाही."

दिवसा ती रेघ थोडं ऊन परतवते, थोडी ऊब अडवते.
रात्री नुसतीच अडवते, अंगावर टाकलेल्या गोधडीसारखी.
म्हणून मला रात्री हव्या होत्या.
म्हणून मामा गच्चीवर खुर्ची टाकून बसू लागले,
थर्मासमध्ये चहा, खिशात शिट्टी (कुत्र्यांसाठी),
आणि चांदणं असेल तरच नोंद, या माझ्या अटीवर.

आपला जिल्हा त्या नकाशात नुसता वाटेतला.
इथून कुणी उडत नाही, इथं कुणी उतरत नाही.
हैदराबादहून आखाताकडं जाणारे
आपल्यावरून झोपेत जातात.

वहीत सहा रकाने मीच आखले होते:
वेळ, दिशा, लांबी, टिकाव, चंद्र, शेरा.
शेऱ्यात "धूळ" किंवा "वारा", एवढंच अपेक्षित.
अकरा फेब्रुवारी, पहाटे तीन दहा.
आग्नेयेकडून वायव्येकडं. हात लांब करून अडीच वीत.
टिकाव एक तास वीस मिनिटं. चंद्र बरा.
शेरा: सत्यशीला यात आहे.

लेक. नर्स. मस्कतला निघालेली, पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी विचारलं,
तिच्या एकटीच्या वाट्याला किती येतंय, ताई?
एका खेपेचा कार्बन दीडशे किलो, कमी-जास्त.
रेघेचं वेगळं. ते अजून कुणालाच नीट धरता आलेलं नाही.
"दीड क्विंटल," त्यांनी कापसाच्या हिशेबात बसवलं,
आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग: "आन् माझं?"
तुम्ही कधी बसलाच नाहीत विमानात, मामा.
"मग माझ्या वाटचं तिच्या नावावर घाला की.
तिच्या आईचंबी घाला. ती तर नांदेडच्या पुढं गेली नाही."

जमिनीचा फेरफार होतो, तलाठी बसलेला असतो.
हवेच्या फेरफाराला माझ्या प्रबंधात रकाना नव्हता.
पद्धतीवर तीन प्रकरणं लिहिली होती मी.

निबंध परीक्षणाला गेला तो थेट जर्मनीत.
जगात जर्मनी, भारतात परभणी:
लहानपणापासून ऐकलेली म्हण
पहिल्यांदाच टपालासारखी दोन्हीकडून चालू लागली.
तिकडून प्रश्न आला,
उघड्या डोळ्यांनी घेतलेल्या नोंदी कितपत विश्वासार्ह?
निरीक्षकाची अर्हता काय?
मार्गदर्शक म्हणाले, शेऱ्याचा रकाना काढून टाका.
काढला.
अर्हतेपुढं लिहिलं: एकतीस वर्षं, एकही रजा न मांडता.
खरं तर एक होती. दहा फेब्रुवारीची.
लेकीला हैदराबादच्या गाडीत बसवून ते रातोरात परत आले होते,
गच्चीवर.

त्या पहाटेचं किमान तापमान
आदल्या पहाटेपेक्षा शून्य पूर्णांक चारनं जास्त निघालं.
रेघेमुळं? एका रात्रीवरून तसं म्हणता येत नाही,
हे मीच त्यांना शिकवलेलं.
तरी पर्जन्यमापकाचं नरसाळं पुसता पुसता
महिन्यातून एकदा विचारतात,
"ती ऊब तिच्याच विमानाची असंल का हो?"

मी म्हणते, नमुना फार लहान आहे, मामा.
"मोठा करू की," म्हणतात,
आणि खुर्ची उचलून जिन्याकडं निघतात.